दोन रकान्यांचे संपादक : बाळशास्त्री जांभेकर

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात पोंभुर्ले नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील एका विद्वान, परंतु बेताच्या परिस्थितीतील शास्त्री घराण्यात १८१२ साली बाळशास्त्री जांभेकर यांचा जन्म झाला. वडील गंगाधरशास्त्री पुराण सांगत. मराठी व संस्कृतचे पाठ बाळशास्त्र्यांनी घरीच घेतले आणि पुढे कोवळ्या वयातच इंग्रजी विद्येसाठी मुंबई गाठली. तेथे सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांचा आधार त्यांना लाभला. या मुलाची बुद्धी इतकी तीव्र होती की, थोड्याच वर्षांत इंग्रजी, गुजराती, बंगाली, फारसी अशा अनेक भाषांत आणि गणित व ज्योतिष या शास्त्रांत त्याने गती मिळवली.

वडील पुराणिक होते, ही गोष्ट येथे मुद्दाम सांगितली. त्या काळी समाजात विचार आणि वार्ता पसरवण्याची साधने कोणती? पुराण, कीर्तन, आठवडी बाजार, नदीचा घाट आणि गावची चावडी. या साधनांत एक मोठा गुण होता. बोलणारा आणि ऐकणारा समोरासमोर असत. शंका आली तर लागलीच विचारता येई आणि खोटे बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच गावात तोंड दाखवावे लागे. परंतु दोषही तितकाच मोठा होता. हा सारा संवाद ओळखीच्या कुंपणातच फिरे. परक्या जातीचा, परक्या प्रांताचा, परक्या धर्माचा माणूस काय विचार करतो, हे कळण्याची सोय फारच थोडी. आपला हा झाडीचा मुलूख त्या वेळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. मुंबईतील वादविवाद इकडे पोहोचावेत कसे?

अशा काळात मुंबईत छापखाना हे नवे साधन रुजू लागले होते. १८२२ साली फर्दुनजी मर्झबान यांनी गुजरातीत ‘मुंबई समाचार’ सुरू केला होता. मराठीत मात्र वृत्तपत्र नव्हते. ही उणीव ऐन विशीतल्या बाळशास्त्र्यांनी भरून काढली. गोविंद विठ्ठल कुंटे उर्फ भाऊ महाजन आदी सहकाऱ्यांच्या साहाय्याने ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. प्रारंभी ते पाक्षिक होते, पुढे ४ मे १८३२ पासून साप्ताहिक झाले. मराठीतील हे पहिले वृत्तपत्र म्हणूनच ६ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो.

‘दर्पण’ची मांडणी फार बोलकी होती. पानावर दोन उभे रकाने असत. एकात इंग्रजी मजकूर आणि दुसऱ्यात मराठी. राज्यकर्त्यांनी एतद्देशीय लोकांचे म्हणणे वाचावे आणि लोकांनी पाश्चात्त्य विद्या व जगातील घडामोडी आपल्या भाषेत समजून घ्याव्यात, हा त्यामागील हेतू. एकमेकांशी क्वचितच बोलणारे दोन समाज निदान एका कागदावर तरी शेजारी आले. बातम्यांबरोबर शास्त्रीय विषय आले, वाचकांची पत्रे आली, विधवांच्या पुनर्विवाहासारख्या नाजूक प्रश्नावरची चर्चा आली. जो विषय घरात दबक्या आवाजातही निघत नसे, तो आता अनोळखी माणसे छापून वाचू लागली. नवे साधन माणसामाणसांतील बोलणे कसे बदलते, याचे याहून ठळक उदाहरण आपल्या भाषेत क्वचितच सापडेल.

हे सर्व बाळशास्त्र्यांनी धनलोभाने केले नाही. त्या काळी वाचणारे थोडे, आणि विकत घेऊन वाचणारे त्याहून थोडे. तरीही सुमारे साडेआठ वर्षे त्यांनी हे पत्र चालवले. १८४० साली ते बंद झाले, आणि त्याच साली ‘दिग्दर्शन’ हे मासिक त्यांनी हाती घेतले. त्यातून भूगोल, इतिहास, विज्ञान असे विषय नकाशे व आकृत्या देऊन समजावले जात. दरम्यान १८३४ साली एल्फिन्स्टन कॉलेजात साहाय्यक प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. ‘बालव्याकरण’, ‘सारसंग्रह’, ‘शून्यलब्धि’ अशी पुस्तके त्यांनी लिहिली, कुलाब्याच्या वेधशाळेचे काम पाहिले, प्राचीन शिलालेखांचा अभ्यास केला. १८४५ साली त्यांनी ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापून प्रसिद्ध केली. पुराणिकाच्या मुलाने जुने धन टाकून दिले नाही, ते नव्या साधनाच्या हवाली केले.

विचार छापणे वेगळे आणि त्यासाठी सोसणे वेगळे. १८४३ च्या सुमारास श्रीपाद शेषाद्री परळीकर या ब्राह्मण मुलाचे प्रकरण उद्भवले. ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या घरी राहिल्यामुळे तो जातीबाहेर गेला असे सनातनी मंडळींनी ठरवले. बाळशास्त्र्यांनी विरोधाला न जुमानता त्याला पुन्हा स्वधर्मात घेण्याची खटपट केली आणि स्वकीयांचा रोष पत्करला. आपण जे छापतो त्याच्यामागे स्वतः उभे राहावे लागते, हे त्यांनी आचरणाने दाखवले. पुढे १८४६ च्या मे महिन्यात, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, हा ज्ञानोपासक निवर्तला.

‘दर्पण’ला मर्यादा होत्याच. त्याचा वाचक शहरातील शिकलेला पुरुष. स्त्रिया, शेतकरी, अस्पृश्य मानले गेलेले लोक यांना त्या आरशात स्वतःचा चेहरा क्वचितच दिसला असेल. पण एकदा उघडलेले दार बंद झाले नाही. भाऊ महाजनांनी १८४१ साली ‘प्रभाकर’ काढला आणि त्यातून १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे आली. १८७७ साली कृष्णराव भालेकरांचा ‘दीनबंधु’ बहुजनांचा आवाज होऊन आला आणि १९२० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला.

आज तर प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. सालेकसा किंवा देवरीच्या पाड्यावरचा मुलगा मोबाइलवर गोंडीत गाणे म्हणतो आणि ते क्षणात सीमेपलीकडे छत्तीसगडात ऐकले जाते. ही लहान गोष्ट नव्हे. पण याच साधनाचे दुसरे रूपही महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी फिरते अशा मोबाइलवरून पसरलेल्या अफवेपायी जमावाने भिक्षेकरी समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. संदेश पुढे ढकलणारे अनेक होते. त्याच्यामागे उभा राहणारा एकही संपादक नव्हता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा आणली. परंतु यंत्राने घातलेली मर्यादा विवेकाची जागा कशी घेणार?

विद्यार्थी मित्रहो, बाळशास्त्र्यांच्या पानावर दोन रकाने होते. आपल्या मोबाइलवरील गटांत बहुधा एकच असतो. आपल्यासारखेच बोलणारे लोक, आपल्याला आवडणारीच मते, आणि त्यालाच आपण जग समजू लागतो. मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगडी अशा अनेक बोली नांदणाऱ्या आपल्या गोंदिया जिल्ह्यात तरी दुसरा रकाना शोधायला दूर जावे लागत नाही. तो वर्गात शेजारच्या बाकावरच बसलेला असतो. एखादा संदेश पुढे पाठवण्यापूर्वी त्याच्याखाली आपण स्वतःचे नाव घालू का, आणि ज्याच्याविषयी तो आहे त्याचे म्हणणे आपण ऐकले आहे का, एवढे दोन प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारले, तरी त्या विशीतल्या संपादकाचे ऋण थोडेसे फेडल्यासारखे होईल.