तुटीचा भार कोणी सोसायचा? ना. म. जोशींचा वारसा

कामोठे - सरकारी तिजोरीत खडखडाट झाला, की पहिली नजर कर्मचाऱ्यांच्या पगाराकडे वळते. करोनाच्या संकटात ३१ मार्च २०२० रोजी राज्य सरकारने लोकप्रतिनिधींचे ६० टक्के, अ व ब वर्गाचे ५० टक्के, तर क वर्गाचे २५ टक्के वेतन रोखण्याचे जाहीर केले. ड वर्गाला मात्र हात लावला नाही. पुढे ही रक्कम दुसऱ्या टप्प्यात देण्याचे ठरले. मानसरोवर स्थानकातून रोज मुंबई गाठणाऱ्या कामोठेकर नोकरदारांना ते दिवस आठवत असतील. तुटीचा भार कोणी आणि किती सोसायचा, या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेला एक माणूस याच रायगड जिल्ह्यातला होता. त्यांचे नाव नारायण मल्हार जोशी.

तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, माणगाव तालुक्यातल्या गोरेगावी ५ जून १८७९ रोजी त्यांचा जन्म झाला. पुण्यात शिक्षण घेऊन त्यांनी काही वर्षे शिक्षकी केली. १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणगावातील चाळी हेच त्यांचे कार्यक्षेत्र बनले. १९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता.

१९२१ पासून १९४७ पर्यंत ते मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी होते. ही जागा सरकारनियुक्त होती. तरीही अर्थसंकल्पावर बोलताना करांचा बोजा गरिबांवर लादण्यास त्यांनी सातत्याने विरोध केला. नेमणूक सरकारची आणि बाजू कामगाराची, ही तारेवरची कसरत त्यांनी पाव शतक केली.

त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. १९२९ मध्ये सरकारने नेमलेल्या व्हिटली आयोगाचे सदस्यत्व त्यांनी स्वीकारले. आयटकच्या नागपूर अधिवेशनाने आयोगावर बहिष्काराचा ठराव केला आणि संघटना फुटली. जोशी आपल्या सहकाऱ्यांसह बाहेर पडले. वाटाघाटीच्या टेबलावर कामगाराची खुर्ची रिकामी राहू नये, ही त्यांची धारणा होती. सहकाऱ्यांपैकी अनेकांना तीच तडजोड वाटली.

आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला, तो नेमका जागतिक मंदीत. रेल्वेचे वाद सोडविण्यासाठी कायमस्वरूपी संयुक्त यंत्रणा असावी, अशी त्याची शिफारस होती. पण जकात आणि रेल्वेचे उत्पन्न घसरले होते. रेल्वेत हजारोंची नोकरकपात सुरू झाली. त्याविरुद्ध रेल्वे कामगार महासंघाने दाद मागितली. सप्टेंबरमध्ये वित्त सदस्य जॉर्ज शुस्टर यांनी पुरवणी अर्थसंकल्प मांडून करांवर अधिभार लावला आणि सरकारी वेतनात १० टक्के कपात जाहीर केली. जोशी त्या वेळी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये होते. विधिमंडळाने वित्त विधेयक फेटाळले, तरी व्हाइसरॉयने ते आपल्या विशेषाधिकारात मंजूर केले. कपात १९३३ मध्ये निम्मी झाली आणि १९३५ मध्ये पूर्ण उठली. कर्मचाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेण्यास सरकारला बांधून घेणारी यंत्रणाच नव्हती, हे या प्रकरणात उघड झाले.

युद्धानंतर चित्र पालटले. महागाईने गांजलेल्या टपाल कर्मचाऱ्यांनी जुलै १९४६ मध्ये संप केला. त्याच वर्षी न्या. श्रीनिवास वरदाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली पहिला केंद्रीय वेतन आयोग नेमला गेला होता. त्याच्या सदस्यांत जोशी होते. १९४७ च्या अहवालात आयोगाने सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्यासाठी मूळ वेतन ३० रुपये आणि महागाई भत्ता २५ रुपये, असे एकूण ५५ रुपये सुचविले. बाजारात माणूस किती स्वस्तात मिळतो, एवढ्यावर सरकारने पगार ठरवू नये, हा विचार त्यातून रुजला.

३० मे १९५५ रोजी जोशींचे निधन झाले. मुंबईतील डिलाईल रोडला त्यांचे नाव देण्यात आले. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने आठव्या वेतन आयोगाला मंजुरी दिली, तेव्हा घराघरांत आकडेमोड सुरू झाली. पगारवाढ असो वा कपात, हिशेब तळच्या शिपायापासून मांडायचा, हा जोशींचा आग्रह त्या आकडेमोडीतही विसरता कामा नये.