Explained: बागेसाठी निधी नाही? नागपूरला आलेल्या पॅट्रिक गेडिस यांनी शोधला होता स्वस्त उपाय

नरखेडसारख्या तालुक्याच्या गावात विकास आराखड्यात बागेचे आरक्षण पडते. निधी नसला की बाग नकाशावरच राहते. हाच प्रश्न पॅट्रिक गेडिस यांनी आयुष्यभर हाताळला.

कोण होते गेडिस?
जन्म १८५४, स्कॉटलंड. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. मेक्सिकोत दृष्टी अधू झाली, सूक्ष्मदर्शक सुटला आणि ते शहरांच्या अभ्यासाकडे वळले. लग्नानंतर पत्नी ॲनासह एडिनबरोच्या दाट, गलिच्छ वस्तीत राहायला गेले. तिथल्या पडीक जागांवर पुढे बागा फुलल्या.

भारतात काय केले?
१९१४ मध्ये ते भारतात आले. नागपूर, इंदूर, बडोद्यासह अनेक शहरांसाठी अहवाल लिहिले. सरसकट पाडापाडीला त्यांचा विरोध होता. मोडकळीस आलेली मोजकी घरे काढायची आणि मोकळ्या जागेत झाडे लावायची, ही त्यांची पद्धत. त्यात खर्च वाचे, लोकही बेघर होत नसत. १९१७ मध्ये मुलगा युद्धात मारला गेला, पत्नीचेही निधन झाले. काम थांबले नाही. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९३२ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले.

आज महत्त्व काय?
एमआरटीपी कायद्याच्या कलम १२७ नुसार आरक्षित जागा १० वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही मुदतीत संपादन झाले नाही, तर आरक्षण रद्द होते. म्हणजे निधीची वाट पाहता पाहता जागाच हातची जाते. लहान जागेवर, कमी खर्चात, लवकर बाग करण्याचा गेडिस यांचा मार्ग म्हणूनच आजही उपयोगी आहे.