झाँ आंरी फाब्र : गांधीलमाश्यांवर पाळत ठेवणारा शिक्षक

युरोपात उन्हाळा जून ते ऑगस्ट असा असतो. तो संपत आला की तिथल्या लोकांची एक ठरलेली तक्रार सुरू होते. अंगणात जेवायला बसलं की ताटाभोवती गांधीलमाश्या, जॅमच्या बरणीवर गांधीलमाश्या, झाडाखाली पडलेल्या पिकल्या फळांवर तर त्यांची झुंबडच! मे-जूनमध्ये क्वचित दिसणाऱ्या या माश्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकदम येतात कुठून? आणि दिवाळीच्या सुमारास जातात कुठे?

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर पोळ्याच्या आत काय चाललंय ते बघायला हवं. डंखाच्या भीतीनं आपण पोळ्यापासून चार हात लांब राहतो. पण फ्रान्समधल्या एका गरीब शाळामास्तरानं चक्क जमिनीखालचं पोळं उकरून घरात आणलं आणि त्याच्याशेजारी बसून नोंदी केल्या. झाँ आंरी फाब्र हे त्यांचं नाव. आजच्या पाठात त्यांची ओळख करून घेऊया.

बालपण आणि शिक्षण

फाब्र यांचा जन्म डिसेंबर 1823 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या सँ-लेओं या खेडेगावात झाला. घरची परिस्थिती बेताची. लहानपणीची काही वर्षं ते आजी-आजोबांकडे शेतावर राहिले. पुढे वडिलांनी पोटासाठी गावोगावी खाणावळीचा धंदा करून पाहिला, पण तो कुठेच नीट चालला नाही. त्यामुळे ऐन शिकायच्या वयात मुलाला मिळेल ते काम करावं लागलं. बाजारात लिंबं विकली, रेल्वेच्या कामावर मजुरी केली. अशातच आव्हिन्याँ शहरातल्या अध्यापक विद्यालयाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा त्यांनी दिली आणि पहिला नंबर काढला. एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास ते कार्पांत्रा गावात शिक्षक म्हणून रुजूसुद्धा झाले.

पगार तुटपुंजा होता. तरी नोकरी सांभाळून, बरंचसं स्वतःच वाचून, त्यांनी गणित आणि भौतिकशास्त्राच्या पदव्या मिळवल्या.

मुलांनी मास्तरांना शिकवलं

कार्पांत्रामध्ये असताना फाब्र मुलांना जमीन मोजायला शिकवण्यासाठी मोकळ्या माळावर नेत. एकदा त्यांच्या लक्षात आलं की मोजणी सोडून मुलं मधेच वाकतात, दगड उचलतात आणि काडीनं काहीतरी चोखतात. बघतात तर काय, दगडांवर एका जातीच्या मधमाशीनं मातीची घरटी बांधली होती आणि मुलं त्यातला मध खात होती! दुसरा एखादा मास्तर रागावला असता. फाब्र स्वतःच त्या माशीचा शोध घेऊ लागले. कीटकांवरचं एक मोठं पुस्तक त्यांनी विकत घेतलं. त्यासाठी महिन्याचा पगार खर्ची पडला. कीटकांचा नाद लागला तो इथूनच.

पुस्तकातलं विधान तपासलं

काही काळ कॉर्सिका बेटावर नोकरी करून 1853 मध्ये ते आव्हिन्याँला परतले. तिथे लेओं द्युफूर या नामवंत अभ्यासकाचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. एकेकटी राहणारी एक गांधीलमाशी भुंगेरे पकडून बिळात साठवते. तिच्या पिल्लांचं ते अन्न. पण हे भुंगेरे बरेच दिवस सडत नाहीत. का? माशीच्या विषामुळे मेलेला भुंगेरा टिकून राहतो, असं द्युफूर यांचं म्हणणं होतं.

फाब्र यांनी त्याच गटातल्या माश्यांची बिळं शोधली, आतले भुंगेरे बाहेर काढले आणि तपासले. भुंगेरे मेलेले नव्हतेच! ते जिवंत होते, फक्त त्यांना हलता येत नव्हतं. माशी नेमकी मज्जातंतूंच्या गाठीवर डंख मारते आणि शिकार लुळी होते. म्हणून पिल्लाला शेवटपर्यंत ताजं अन्न मिळतं. हे संशोधन 1855 मध्ये प्रसिद्ध झालं. चार वर्षांनी आलेल्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात चार्ल्स डार्विननंही फाब्र यांच्या निरीक्षणाचा उल्लेख केला. गंमत म्हणजे डार्विनचा उत्क्रांतीचा सिद्धांत फाब्र यांना कधीच पटला नाही. तरीही दोघांचा पत्रव्यवहार मात्र चालू राहिला.

मुलींना शिकवलं म्हणून

आव्हिन्याँमध्ये फाब्र संध्याकाळी मोफत वर्ग घेत. या वर्गांना मुलीही येत. फुलात फळ कसं धरतं, परागकण काय करतात, हे त्यांनी मुलींना सरळ सांगितलं. तेवढ्यावरून शहरातली सनातनी मंडळी खवळली. मुलींसमोर असले विषय काढतात म्हणून त्यांच्याविरुद्ध ओरड झाली. घरमालकिणींनी त्यांना घराबाहेर काढलं. 1868 मध्येच त्यांना सरकारी सन्मान मिळाला होता, पण तो आता कामी आला नाही. मोठं कुटुंब, हातात पैसा नाही, आणि शेवटी नोकरीही सुटली. त्या वेळी आव्हिन्याँला राहणारे इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल यांनी 3000 फ्रँक उसने दिले. फाब्र यांनी ते पुढे फेडले.

मग ते ओरांज गावी गेले आणि मुलांसाठी विज्ञानाची सोपी पुस्तकं लिहून घर चालवू लागले. 1877 मध्ये ज्यूल हा त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा वारला. रानात कीटक शोधायला तो त्यांचा जोडीदार असायचा. नव्यानं सापडलेल्या काही माश्यांना फाब्र यांनी त्याचं नाव दिलं.

पडीक जमीन हीच प्रयोगशाळा

1879 मध्ये सेरिन्यां गावाजवळ त्यांनी घरासह एक दगडाळ, काटेरी झुडपांची जमीन घेतली. पिकाच्या दृष्टीनं कुचकामी, पण कीटकांना स्वर्ग! तिला ते 'आर्मास' म्हणत. तिकडच्या बोलीत याचा अर्थ पडीक जमीन. पुढची छत्तीस वर्षं ते तिथेच राहिले. कीटकांवरच्या त्यांच्या आठवणींचे दहा खंड 1879 ते 1907 या काळात निघाले. गांधीलमाश्यांवरचं लेखन आठव्या खंडात आहे. तो 1903 मध्ये आला, तेव्हा फाब्र ऐंशीच्या घरात होते.

पोळ्याच्या आत काय दिसलं?

फ्रान्समधली ही गांधीलमाशी जमिनीखाली पोळं करते. लाकडाचा भुसा चावून, लाळेत कालवून ती कागद बनवते आणि त्याचे थरावर थर रचते. वसंतात एकटी राणी हे काम सुरू करते. पहिल्या कामकरी माश्या तयार झाल्या की त्या कामाला लागतात आणि राणी फक्त अंडी घालते. उन्हाळाभर संख्या वाढत जाते. ऑगस्ट-सप्टेंबरला एका पोळ्यात हजारो माश्या असतात. म्हणजे त्या अचानक कुठून येत नाहीत. आपलं लक्ष जातं तेव्हा पोळं भरात आलेलं असतं, एवढंच.

फाब्र यांनी रात्री एका पोळ्याच्या दारावर काचेचं झाकण ठेवून पाहिलं. सकाळी माश्या बाहेर पडल्या आणि उजेडाच्या दिशेनं काचेवर आपटत राहिल्या. बाहेर राहिलेल्या माश्यांनी झाकणाच्या कडेखालून माती उकरून आत यायची वाट केली. पण आतल्या एकीलाही बाहेर पडण्यासाठी तीच वाट वापरायचं सुचलं नाही. आपल्या खोलीत शिरलेली माशी बंद खिडकीवर आपटत राहते, तेही असंच. अशा वेळी झाडू उगारण्यापेक्षा खिडकी उघडावी.

मग त्यांनी शरद ऋतूत एक पोळं घरात आणून जाळीखाली ठेवलं. मध दिला, ऊबही दिली. थंडी आणि उपासमार हीच मरणाची कारणं असतील, तर या माश्या जगायला हव्या होत्या. पण झालं उलटं. ज्या अळ्यांना माश्यांनी जीव लावून भरवलं होतं, त्याच अळ्या त्यांनी नोव्हेंबरमध्ये खणांतून ओढून बाहेर टाकल्या. मग कामकरी माश्याही एकेक करून मरत गेल्या. पोटाला होतं, ऊब होती, पण त्यांचं आयुष्यच संपलं होतं.

मग त्या आपल्या घराकडे का येतात?

यातला एक दुवा फाब्र यांच्यानंतरच्या संशोधकांनी जोडला. मोठ्या माशीची कंबर अगदी बारीक असते, त्यामुळे तिला घन अन्न खाता येत नाही. ती किडे पकडते ते अळ्यांसाठी. त्या बदल्यात अळ्या तिला तोंडातून गोड रस देतात. उन्हाळ्याच्या शेवटी राणी नव्या कामकरी माश्यांसाठी अंडी घालणं थांबवते. पुढच्या वर्षीच्या राण्या आणि नर मोठे होऊन बाहेर पडतात. अळ्या कमी झाल्या की गोड रसही बंद! अशा वेळी हजारो माश्यांना भूक भागवायला दुसरीकडे गोड शोधावं लागतं. ते पिकल्या फळांत असतं, सरबतात असतं आणि आपल्या ताटातही. हिवाळा आला की या सगळ्या मरतात. वाचतात फक्त नव्या राण्या, कुठेतरी आडोशाला लपून.

आपल्याला वाटतं, माश्यांनी हल्ला केला. खरं तर एका वसाहतीचा शेवट आपण बघत असतो. उन्हाळाभर याच माश्यांनी बागेतले कितीतरी किडे खाली केलेले असतात.

आपल्याकडेही असंच होतं का?

नाही, आणि हे नीट लक्षात ठेवा. भारतात आढळणाऱ्या एका गांधीलमाशीचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक वर्षं अभ्यास केला. तिची पोळी वर्षाच्या कोणत्याही महिन्यात सुरू होऊ शकतात. आपल्याकडे युरोपसारखा हिवाळा नाही, म्हणून तिथलं वेळापत्रक इथे जसंच्या तसं लागू होत नाही. पुस्तकात लिहिलंय म्हणून इथेही तसंच असेल, असं धरून चालू नका. फाब्र यांनीही द्युफूरचं म्हणणं स्वतः तपासलंच होतं ना!

मात्र एक सांगतो, पोळ्याला हात लावू नका, दगड मारू नका. लांबून बघा, तारीख घालून वहीत नोंद करा. डंख झाल्यावर अंगभर सूज आली किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर लगेच दवाखाना गाठा.

फाब्र 11 ऑक्टोबर 1915 रोजी आर्मास इथे वारले. त्यांचं ते घर आज संग्रहालय आहे.

स्वाध्याय

1. भुंगेरे सडत नाहीत याचं फाब्र यांना सापडलेलं कारण लिहा.
2. फाब्र यांना आव्हिन्याँ का सोडावं लागलं?
3. युरोपात उन्हाळ्याच्या शेवटी गांधीलमाश्या गोड पदार्थांकडे का वळतात?
4. तुमच्या घराजवळ एखादं पोळं असेल, तर महिनाभर लांबून निरीक्षण करून दहा ओळी लिहा.