मेंढ्यांचा इंजिनिअर : रॉबर्ट बेकवेल

आधीच सांगून टाकतो, मी कॉन्व्हेंटचा. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. मेंढा, मेंढी आणि कोकरू यातला फरक मला गेल्या दिवाळीत कळला, तोसुद्धा रूममेटच्या गावी माणदेशात गेलो तेव्हा.

त्याचे वडील त्या दिवशी पैदाशीसाठी मेंढा निवडत होते. समोर दोन नर होते. एक उंच, रुबाबदार. दुसरा अगदीच साधा. मी मनातल्या मनात पहिल्याला मार्क देऊन मोकळा झालो. काकांनी दुसरा ठेवला! कारण काय, तर त्याच्या आईने दुष्काळातही कोकरं दुधावर जगवली होती. रुबाबदार साहेब बाजारात गेले.

हॉस्टेलवर आल्यावर लायब्ररीत शोधाशोध केली आणि एका भन्नाट माणसाची ओळख झाली, रॉबर्ट बेकवेल. त्याचीच ही गोष्ट.

बेकवेलचा जन्म १७२५ चा, इंग्लंडमधल्या लेस्टरशायर परगण्यात, डिश्ली गावी. वडील खंडाने शेती करायचे, जमीन सुमारे ४४० एकर. तरुणपणी रॉबर्ट इंग्लंडभर आणि युरोपात फिरून लोकांची जनावरं आणि शेती बघून आला. १७६० मध्ये वडील वारले आणि सगळा कारभार त्याच्याकडे आला.

त्या काळी गावाच्या कुरणात नर-मादी एकत्रच चरायचे. कुठलं पिल्लू कोणाचं याचा पत्ता नाही, म्हणजे सगळा रँडम कारभार! बेकवेलने पहिलं काम केलं ते नर वेगळे ठेवण्याचं. कुठल्या मेंढीला कुठला मेंढा हे तो स्वतः ठरवू लागला. यामागचं गणित सोपं आहे. एक मेंढी वर्षाला एक-दोन कोकरं देते, पण एका हंगामात एका मेंढ्याची तीस-चाळीस कोकरं सहज होतात. म्हणजे मेंढी चुकली तर एक-दोन कोकरांचं नुकसान, मेंढा चुकला तर अख्ख्या कळपाचं.

पण चांगला मेंढा ओळखायचा कसा? नुसत्या दिसण्यावर त्याचा विश्वास नव्हता. इथेच त्याची खरी आयडिया आली. मेंढे विकायचे नाहीत, हंगामापुरते भाड्याने द्यायचे! १७६० च्या सुमारास सुरुवात झाली तेव्हा भाडं एक पौंडाहूनही कमी होतं, लोक हसले असतील. पण एकच मेंढा वेगवेगळ्या शेतांवर, वेगवेगळ्या मेंढ्यांबरोबर तपासला जायचा. कोकरं कशी निघतात हे बघायचं, आणि ज्याची संतती सरस तो मेंढा घरच्या कळपाला वापरायचा. थोडक्यात, टेस्टिंग दुसऱ्यांच्या शेतावर आणि वर भाडंही आपल्यालाच. याला इंजिनिअर नाही म्हणायचं तर काय?

मापही त्याने पक्कं ठरवलं होतं. हाडं बारीक, अंग पिंपासारखं गोल, मांस जास्त आणि वाढ लवकर. कापलेल्या जनावरांचे सांगाडे आणि खारवलेले मांसाचे तुकडे तो घरात जपून ठेवायचा, म्हणजे आधीची पिढी आणि नंतरची पिढी शेजारी ठेवून बघता येई. हवे ते गुण पक्के करायला तो जवळच्या नात्यातच जोड्या लावायचा. त्या काळी बऱ्याच लोकांना हे पटत नव्हतं. त्यातून न्यू लेस्टर ही जात तयार झाली. जुन्या जातीच्या मेंढ्या बाजारासाठी तयार व्हायला तीन-चार वर्षं लागायची, ही दोन वर्षांत तयार व्हायची.

पैसा मात्र लगेच नाही आला. १७७६ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. तरी गडी हटला नाही. १७८३ मध्ये मेंढे भाड्याने देणाऱ्यांची डिश्ली सोसायटी स्थापन झाली आणि १७८९ च्या हंगामात त्याच्या तीन मेंढ्यांनी १२०० गिनी मिळवल्या! १७९५ मध्ये तो वारला. लग्न केलं नाही, पुस्तक लिहिलं नाही. मेंडेलचा अनुवंशशास्त्राचा निबंध छापला गेला १८६६ मध्ये, म्हणजे याच्या मृत्यूनंतर ७१ वर्षांनी. डार्विनने मात्र १८५९ च्या आपल्या ग्रंथात बेकवेलची दखल घेतली.

इथे लेख संपवला असता तर छान झालं असतं, पण एक गोष्ट खटकते. न्यू लेस्टरचं मटण फार चरबीचं निघालं. पुढे लोकांची आवड बदलली आणि ते मागे पडलं. मेंढ्यांना कोकरंही कमी होऊ लागली. बेकवेलने जे मोजलं ते त्याला मिळालं. जे मोजलं नाही ते हळूहळू निसटलं. त्याच्या मेंढ्यांचं रक्त बॉर्डर लेस्टरसारख्या जातींत उरलं आहे, पण त्याची मूळची न्यू लेस्टर तशी राहिली नाही.

मला पुन्हा काकांचा तो साधा मेंढा आठवला. माणदेशात पाऊस दगा देतो, म्हणून काका दूध बघतात. लेस्टरशायरमध्ये कुरण हिरवंगार, म्हणून बेकवेलने मांस बघितलं. निवडण्याआधी कशासाठी निवडतोय हे माहीत पाहिजे, एवढंच.

सध्या आमच्या कॉलेजात कॅम्पसचे दिवस आहेत. पर्सेंटेजची एक रेघ मारतात, वरचे आत, खालचे बाहेर. रूममेट त्या रेघेच्या थोडासा खाली आहे. पण हॉस्टेलमधला कुठलाही बंद पडलेला पंखा तोच चालू करतो. काकांनी निवड केली असती तर?