तीस पट्टे आणि स्टोक्सची जागरणं

स्टोक्स आपल्याला परीक्षेपुरता भेटतो. फिजिक्सला त्याचा नियम, मॅथ्सला त्याचं थिअरम, पाच मार्क, विषय संपला. पण ज्या गणितापायी त्याने रात्री जागवल्या, ते बहुतेकांच्या सिलॅबसमध्ये नसतंच.

जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्सचा जन्म १८१९चा, आयर्लंडमधल्या स्क्रीन गावचा. वडील पाद्री. केंब्रिजला तो गणितात पहिला आला आणि १८४९ मध्ये, तिशीतच, एकेकाळी न्यूटनकडे असलेलं प्राध्यापकपद त्याला मिळालं.

त्याच सुमारास गडी इंद्रधनुष्यात अडकला. मुख्य कमानीच्या आत कधी कधी बारीक पट्टे दिसतात. ते कुठे पडतील हे सांगणारं इंटिग्रल एअरी या खगोलशास्त्रज्ञाने १८३८ मध्ये मांडलं होतं. वांधा असा, की आतलं फंक्शन सारखं वर-खाली होतं आणि पुढे जावं तशा लाटा दाटत जातात. आपण सिम्पसन्स रूलला पाडतो तसे तुकडे पाडून एअरीने बेरजा केल्या. एवढं करून हाती लागले फक्त दोन काळे पट्टे. मिलरने पाण्याच्या बारीक धारेवर मोजले होते तीस!

तुकड्यांचा धोका आजही आहे. सॉफ्टवेअर अनेकदा आधी जाड, मग बारीक तुकडे घेतं आणि दोन उत्तरांतला फरक म्हणजे चूक असं धरतं. शून्य ते एकपर्यंत कॉस १६ पाय एक्स घ्या. चार तुकडे करा, मग आठ. प्रत्येक पॉइंट लाटेच्या माथ्यावरच! दोन्ही वेळा उत्तर एक, फरक शून्य. खरं उत्तर? शून्य.

स्टोक्सने तुकडेच सोडले. त्याने अशी मालिका काढली जिची पदं आधी लहान होतात, मग फुगत जातात. सगळी मिळवत बसलात तर वाट लागणार. सर्वांत लहान पदापाशी थांबायचं. चूक साधारण तेवढीच. १८५० मध्ये त्याने पन्नास पट्टे काढून दिले.

एक कोडं मात्र उरलं. सूत्रातला स्थिरांक एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला वेगळा का? १८५७ मध्ये लग्न ठरलेलं असताना त्याने मेरीला पत्रातून कळवलं, की या गणितापायी आपण पहाटे तीनपर्यंत जागलो. (प्रेमपत्रात हे!) कोडं सुटलं आणि जुलैत लग्नही झालं.

ऐंशी ओलांडल्यावर, १९०२ मध्ये, त्याने त्याच स्थिरांकावर पुन्हा एक लेख लिहिला. पुढच्या फेब्रुवारीत तो गेला.