वाफ हवी, दाब नको
वाफेच्या इंजिनात मूलभूत सुधारणा करणारे जेम्स वॉट १७३६ साली स्कॉटलंडमधील ग्रीनॉक येथे जन्मले. ग्लासगो विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करताना त्यांना आढळले, की वाफेत प्रचंड उष्णता दडलेली असते. त्यांचे स्नेही जोसेफ ब्लॅक यांनी या सुप्त उष्णतेचा उलगडा केला. शून्य अंशाचे पाणी उकळेपर्यंत लागते त्याच्या पाचपटीहून अधिक उष्णता त्याची वाफ होताना लागते. वाफेचे पुन्हा पाणी झाले, की ती परत मिळते.

याच वाफेने वॉट यांनी १७८४मध्ये आपली कचेरी उबदार केली. जास्त दाबाच्या वाफेला मात्र त्यांचा ठाम विरोध होता; बॉयलर फुटण्याची त्यांना धास्ती वाटे. १८०३मध्ये लंडनजवळ ग्रीनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिक यांचा उच्च दाबाचा बॉयलर फुटून माणसे दगावली.

१८१९मध्ये वॉट निवर्तले. पुढे इंजिनांनी उच्च दाबच स्वीकारला. अमेरिकेतील जुन्या घरांत वाफेवर तापणाऱ्या रेडिएटरांसाठी मात्र आजही दर चौरस इंचाला साधारण दोन पौंडांहून कमी जादा दाब पुरतो. ऊब सुप्त उष्णतेतून मिळते. दाब वाढवल्यास मुख्यतः इंधनच वाया जाते.