पहिल्या वर्षाच्या मुलांचे मेज सर

मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. पण पंधरा वर्षांचा किंग कॉलेजात पहिले पाऊल टाकतो तेव्हा त्याला सांभाळून घेणारे प्राचार्य कोण होते, हे फारसे कुणी विचारत नाही. दहावी-बारावीनंतर आपल्यापैकी बरेच जण घर सोडून परगावी शिकायला जातात. म्हणून यावेळी आम्ही डॉ. बेंजामिन मेज यांची ओळख करून देत आहोत.

मेज यांचा जन्म १८९४ मध्ये अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यातल्या एका खेड्यात झाला. आईवडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. आठ भावंडांत हे धाकटे. आईला लिहिता-वाचता येत नव्हते. मेज यांची सर्वांत जुनी आठवण १८९८ सालची होती. निवडणुकीच्या वेळी त्या भागात गोऱ्यांच्या झुंडींनी कृष्णवर्णीयांवर हल्ले केले. बंदूकधारी घोडेस्वारांनी मेज यांच्या वडिलांना अडवले आणि डोक्यावरची टोपी काढून पुन्हा पुन्हा वाकायला लावले. चार वर्षांचा मुलगा शेजारी उभा राहून ते पाहत होता.

कापसाच्या शेतीमुळे शाळा वर्षातून जेमतेम चार महिने असे. फेब्रुवारी संपला की शेतावर परतायचे, असा वडिलांचा हुकूम होता. एकोणिसाव्या वर्षी बेंजामिनने तो मोडला आणि ऑरेंजबर्गला शिकायला राहिला. खर्च भागवण्यासाठी त्याने रात्री शौचकूप साफ केले. १९१६ मध्ये तो हायस्कूलच्या परीक्षेत पहिला आला, तेव्हा तो बावीस वर्षांचा होऊ घातला होता! आपल्याकडे एक वर्ष वाया गेले तरी घरात सुतक असते.

पुढे एक वर्ष व्हर्जिनियात काढून १९१७ मध्ये मेज उत्तरेकडच्या मेन राज्यात, बेट्स कॉलेजात दाखल झाले. (आपल्या बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, त्याला तेव्हा चार वर्षे झाली होती.) तिथे कडाक्याची थंडी आणि आजूबाजूला जवळपास सगळी गोरी मुले. पण खरी भीती वेगळीच होती. गोरी माणसे जात्याच अधिक बुद्धिमान असतात, हे लहानपणापासून कानांवर पडलेले. ते खरे की खोटे, याचा निकाल मेज यांना स्वतःपुरता लावायचा होता. दुसऱ्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत त्यांना पहिले बक्षीस मिळाले आणि निकाल लागला. सुट्टीत रेल्वेच्या डब्यांत प्रवाशांची सेवा करून पैसे जमवत ते १९२० मध्ये सन्मानाने पदवीधर झाले. शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांना १९३५ मध्ये मिळाली. मधली वर्षे नोकऱ्यांत गेली.

आता एक आपल्या जवळची गोष्ट. १९३६ च्या अखेरीस मेज भारतात आले आणि वर्ध्याला गांधीजींना भेटले. अहिंसेबद्दल आणि अस्पृश्यतेबद्दल त्यांनी खूप प्रश्न विचारले. त्याच दौऱ्यात म्हैसूरजवळच्या एका शाळेत ते गेले. तिथे शिकणारी मुले अस्पृश्य समाजातली होती. मुख्याध्यापकांनी पाहुण्यांची ओळख करून दिली ती अमेरिकेतला एक अस्पृश्य म्हणून. मेज आधी चकित झाले, मनातून दुखावलेही गेले. पण विचार केल्यावर त्यांना पटले की त्यात खोटे काही नव्हते.

१९४० मध्ये ते अटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले. कृष्णवर्णीय मुलांसाठी १८६७ पासून चालत आलेले हे कॉलेज. महायुद्धामुळे तरुण सैन्यात जाऊ लागले आणि वर्ग ओस पडले. तेव्हा हायस्कूल पुरे न झालेल्या हुशार मुलांनाही प्रवेश देण्याचे ठरले. त्यातूनच १९४४ मध्ये किंग आले. पुढे किंग यांनीच सांगितले आहे की, त्या वेळी आपले वाचन आठवीच्या मुलाइतकेच होते. दक्षिणेतल्या शाळाच तशा होत्या, दोष मुलांचा नव्हता.

अशा मुलांना मेज यांनी काय दिले? सवलत नव्हे. फीच्या बाबतीत तर ते इतके कडक होते की मुले पाठीमागे त्यांना ‘बक बेनी’ म्हणत. ‘बक’ म्हणजे बोलीभाषेत डॉलर. दर मंगळवारी सकाळी प्रार्थनागृहात सर्वांना हजर राहावे लागे आणि मेज स्वतः बोलत. नाटकगृहात कृष्णवर्णीयांसाठी वेगळा सज्जा असेल तर तिथे पाऊल टाकू नका, करमणुकीसाठी पैसे देऊन अपमान विकत घेऊ नका, असे ते बजावत. कायदा बदलेल तेव्हा बदलेल, निदान मनाने तरी वेगळेपण मान्य करू नका, हा त्यांचा आग्रह. अशी भाषा बहुतेक मुले शिक्षकाच्या तोंडून प्रथमच ऐकत होती. आम्हाला वाटते, पहिल्या वर्षाच्या मुलाला वेळापत्रक समजावून सांगण्यापेक्षा हे काम फार अवघड होते.

भाषण संपले की किंग त्यांच्या मागोमाग जात आणि ऐकलेल्या मुद्द्यांवर वाद घालत. मेज यांना ते आवडे. किंग १९४८ मध्ये पदवीधर झाले, पण हे नाते तुटले नाही. दोघांत एक करार होता. जो मागे राहील त्याने दुसऱ्याच्या अंत्यविधीला बोलायचे. मेज तब्बल चौतीस वर्षांनी मोठे, तेव्हा बोलण्याची पाळी कुणावर येणार हे उघडच दिसत होते. ९ एप्रिल १९६८ रोजी मोअरहाउसच्या आवारात एकोणचाळीस वर्षांच्या किंगसाठी मेज यांना बोलावे लागले.

कॉलेजातून ते १९६७ मध्येच निवृत्त झाले होते, पण घरी बसले नाहीत. १९७० मध्ये अटलांटाच्या शाळा मंडळाचे ते पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले आणि १९८१ पर्यंत तिथे काम करत राहिले. २८ मार्च १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची व पत्नी सेडी यांची समाधी मोअरहाउसच्या आवारातच, ग्रेव्हज हॉल या जुन्या इमारतीसमोर आहे.